नाव वाजवून घ्यावं

"दिग्याऽऽ! मेल्या, गाढव कच्च्या मडक्यांत शिरलंय आणि तू कुठं उलथलास?"

कुंभारवाड्यातल्या म्हातारीनं ही आरोळी ठोकली, आणि नेमकी त्याच वेळी पळसगडचे राजे दिग्विजय महाराज यांची पालखी तिथून चालली होती. पालखी थांबली. भोई थांबले. गाढव सोडून सगळे थांबले!

"कुणाला म्हणाली ती?" महाराजांनी दात आवळून विचारलं.

"तिच्या मुलाला, सरकार," प्रधानजी म्हणाले. "कुंभार आहे. त्याचंही नाव दिग्विजयच!"

दुसऱ्या दिवशी दिग्विजय कुंभार दरबारात उभा राहिला. त्यानं खरं ते सांगून टाकलं. चाळीस वर्षांपूर्वी राजवाड्यात महाराजांचं बारसं झालं, हत्तीवरून साखर वाटली गेली. त्याच दिवशी कुंभारवाड्यातही एक पाळणा टांगला होता. आत्याच्या तोंडात राजवाड्याची साखर आणि डोक्यात राजपुत्राचं नाव! तिनं बाळाच्या कानात 'कुर्रर्र' केलं आणि तेच नाव सांगून मोकळी झाली.

"म्हणजे चोरी!" महाराज गरजले. "तीन दिवसांत माझं नाव मला परत आणून दे. सगळंच्या सगळं! नाहीतर भट्टी मोड, चाक उचल आणि राज्याबाहेर चालता हो!"

आता नाव म्हणजे काय शेजारणीची विळी आहे, की नेली आणि दिली दारात? पण राजाला हे सांगायचं कुणी? प्रधानजींनी तर "वा! न्याय असावा तर असा!" म्हणून मान डोलावली. बिचाऱ्यांची नेमणूकच त्यासाठी होती.

कुंभार घरी येऊन मटकन खाली बसला. म्हातारीनं गळा काढला. "चाळीस वर्षं ज्या नावानं हाक मारली, ते आता तोंडातून काढू कसं? उद्यापासून ह्याला काय 'अरे कुणीतरी' म्हणू?"

कुंभाराची बायको साळू तेव्हा चिखल तुडवत होती. ती पाय न थांबवता म्हणाली, "अहो, रडताय काय? नाव परतच करायचंय ना? मी करते!"

तिसऱ्या दिवशी साळू दरबारात आली. डोक्यावर नवंकोरं मडकं, त्याच्या तोंडाला फडकं बांधलेलं.

"महाराज, नाव आणलंय. घ्या ताब्यात!"

महाराजांनी फडकं सोडून आत डोकावलं. "हे तर रिकामं आहे!"

"नाव डोळ्यांना कधी दिसलंय का, महाराज? ते कानांनीच बघायचं असतं."

"असं? आणि गावातल्या तोंडांत ते राहिलंय, त्याचं काय?"

"मी माझ्या तोंडाचं सांगते. लग्नात उखाण्यात घेतलं तेवढंच. त्यावर वीस वर्षं मी ह्यांना नुसतं 'अहो' म्हणतेय. आपला हुकूम निघायच्या आधीपासून पाळणारी अख्ख्या राज्यात मी एकटीच!"

दरबारात कुणीतरी फिसकन हसलं. प्रधानजी डोळे वटारून म्हणाले, "सरकार, बाई बनवतेय! हे नाव आपलंच, कशावरून?"

"बरोबर विचारलंत!" साळू म्हणाली. "आमच्याकडून मडकं कुणी तसंच नेत नाही. बोटानं वाजवून घेतात. फुटकं असलं तर बद्द वाजतं, धड असलं तर खणखणतं. नावही वाजवून घ्या. कुणीतरी महाराजांना त्या नावानं हाक मारा. महाराजांनी ओ दिली की नाव त्यांचं, मी चालले!"

"हरकत नाही," महाराज म्हणाले. "प्रधानजी, मारा हाक!"

प्रधानजींच्या तोंडचं पाणीच पळालं. "मी? सरकार, मला मान एकच आहे हो!"

सेनापतींना एकाएकी खोकला आला. राणीसाहेब पडद्याआडून म्हणाल्या, "इश्श! आम्ही नाही बाई नाव घेत." शेवटी भाट पुढे झाला. "राजाधिराज, प्रजापालक, शत्रुकाळ, गोप्रतिपालक, पळसगडपती..." त्याचा श्वास संपला, पण नाव काही आलंच नाही.

"अगंबाई, ही तर नुसती झाकणं!" साळू म्हणाली. "मडकं कुठंय?"

आईसाहेब गेल्यापासून आपल्याला नावानं कुणी हाकच मारलेली नाही, हे महाराजांच्या आत्ता ध्यानात आलं. "म्हणजे मला हाक मारणारं कुणीच उरलं नाही?" त्यांनी हळूच विचारलं.

"आहे की! ज्यांनी हे नाव कानात सांगितलं, त्या आत्यासाहेब आहेत ना वाड्यात?"

नव्वदीच्या आत्यासाहेब मागच्या महालात असत. डोळ्यांनी दिसत नव्हतं. दोन दासींनी धरून त्यांना आणलं. साळू त्यांच्या कानाशी वाकून म्हणाली, "आत्यासाहेब, भाच्याला हाक मारायचीय."

आत्यासाहेबांनी मान वर केली आणि अख्खा दरबार दणाणून सोडला.

"दिग्याऽऽ! मेल्या, एका वाड्यात राहतोस आणि वर्षानुवर्षं कुठं उलथतोस रे?"

महाराज ताडकन उठले आणि लहान पोरासारखे ओरडले, "ओऽऽ आत्या! आलो!"

धावत जाऊन त्यांनी आत्याच्या पायावर डोकं ठेवलं. उठले तेव्हा डोळे पुसत होते आणि हसतही होते. "कुंभारणी, नाव माझंच ठरलं. आता तुझ्या नवऱ्याचं काय करायचं?"

"ते आपणच ठरवा, महाराज! आपलं नाव फडताळात पडून होतं. आमच्याकडे ते रोज दहादा वाजलं, म्हणून तर इतक्या वर्षांनी आपल्या कानावर आलं. तिथं वाजणं बंद केलंत, तर आपल्याला तरी आठवण कोण करून देणार?"

महाराज खदखदून हसले. नदीकाठची चिकणमातीची जमीन त्यांनी तिथल्या तिथं कुंभाराला बहाल केली. "आणि सासूला सांग, आमची पालखी कुंभारवाड्यावरून जाताना तिनं तीच हाक मारायची. आम्ही दोघंही ओ देऊ!"

"सांगते की!" साळू मडकं उचलत म्हणाली. "पण गाढव हाकलायला दोघांतलं कोण येणार, तेवढं आत्ताच ठरवा, महाराज!"

महाराज पोट धरून हसायला लागले, आणि प्रधानजींनी मान डोलावली. "वा! न्याय असावा तर असा!"