गाडी शाबूत, फूटपाथ भुगा

नगरसेवक बापूसाहेब घोरपडे यांची नवी कोरी गाडी वळणावर फूटपाथच्या कडेला धाडकन आदळली आणि चौकात ही गर्दी जमली! चालवत होती त्यांची ड्रायव्हर छबूताई. ही नोकरी गेली तर घरची चूल बंद!

बापूसाहेब पांढऱ्याशुभ्र कपड्यांत चक्क रस्त्यावर आडवे झाले. चाक बघितलं, रिम चाचपली, बंपरखाली मान घातली. कुठं साधा चरा नाही! फूटपाथची कड मात्र भुगा होऊन पडलेली.

तेवढंच सापडलं त्यांना. "गाडी वाचली गं, पण सरकारी फूटपाथ फोडलास! गेल्याच महिन्यात माझ्या मेव्हण्यानं बांधलाय. उद्यापासून कामावर येऊ नकोस!"

छबूताईनं पदर खोचला. "चला मग पोलिसांत, आत्ताच्या आत्ता! मीच सांगते, गाडीला ओरखडा नाही आणि फूटपाथचा चुरा झाला. मग ते विचारतीलच, ह्यात सिमेंट घातलं होतं की नुसती राख?"

सगळा चौक खदखदून हसला. बापूसाहेब झटकन गाडीत शिरले, काच वर केली आणि छबूताई स्टिअरिंगवर बसताच हळूच म्हणाले, "चल बाई. पण जरा जपून चालव, पुढचा फूटपाथही मेव्हण्याचाच आहे."