अधांतरी तळी

वस्तूंना वाचा होती त्या काळी, जात्याची वरची तळी घासून घासून विटली. तिने लोहचुंबकांच्या जोडीला गळ घातली. एकमेकांना दूर ढकलणारे ते दोघे तिच्या आणि खालच्या तळीच्या मधे शिरले आणि तळी अधांतरी फिरू लागली. घरघर नाही, झीज नाही. तिला धन्य वाटलं.

पण ज्वारी जशी टाकली तशीच बाहेर आली. चूल पेटलेली, परात रिकामी.

खालची तळी म्हणाली, "बाई, तू सुखात आहेस. पोरं उपाशी आहेत."

वरची फिरायची थांबली. मग चुंबकांना म्हणाली, "बाबांनो, तुम्ही पाळण्याच्या कडीत जा. ती करकरली की बाळ दचकतं."

आणि ती पुन्हा खाली टेकली.

पाळणा आवाज न करता झुलू लागला. जात्याच्या घरघरीत बाळ झोपून गेलं.