लिंबाजी आणि औषध पचवणारी तूर

एका गावात एक भोळा जावई होता. लिंबाजी त्याचं नाव. जावई भोळा की चलाख यावर बहुतेक घरांत दोन मतं असतात. लिंबाजीबद्दल गावात आणि सासुरवाडीत मिळून एकच मत होतं.

लग्नात सासरा दगडूबा डोळे पुसत म्हणाला होता, "जावईबापू, आमच्या कौतिकाला फुलावानी जपा."

लिंबाजीने मान डोलावली. दुसऱ्या दिवसापासून तो कौतिकाला कोवळ्या उन्हात बसवू लागला आणि सकाळ-संध्याकाळ झारीने तिच्या डोक्यावर पाणी घालू लागला. आठवडाही गेला नाही, कौतिका शिंकत शिंकत माहेरी आली. तिच्या मागोमाग लिंबाजी आला.

"ही काय तऱ्हा झाली?" दगडूबा कडाडला.

"चुकलंच मामा," लिंबाजी म्हणाला. "शेणखत घालायचं ऱ्हाऊन गेलं. तेवढ्यात तिनं गाडी पकडली."

सासूबाई पदर तोंडाला लावून हसल्या. दगडूबा हसला नाही. तो म्हणाला, "पोरगी आता हितंच ऱ्हाईल. आधी कुठंतरी कामाला लागा. एका जागी सुगीपर्यंत टिकून दाखवा, मंग धाडतो."

लिंबाजीला कौतिका फार आवडायची. तिच्याशिवाय घर त्याला खायला उठलं. तो दुसऱ्याच दिवशी काम शोधायला निघाला.

नदीपलीकडे तुरीच्या संशोधनाचा एक मळा होता. तिथल्या सोनटक्केबाई तुरीच्या नव्या जाती तयार करत. त्यांना गडी हवाच होता. त्यांनी लिंबाजीला बांधावर बसवून सगळं समजावून सांगितलं.

"हे बघ लिंबाजी. तुरीत तण माजतं. बायका वाकून वाकून खुरपतात, कंबरडं मोडतं. बरं, तणनाशक मारावं तर त्याने तण मरतं आणि तूरही मरते. त्या औषधाला दोघांतला फरक कळत नाही."

लिंबाजीला औषधाची दया आली. त्याचंही तसंच व्हायचं.

"मला असं झाड शोधायचंय, की औषध अंगावर पडलं तरी ते मरणार नाही. तण मरेल, तूर तरेल. ठिकठिकाणचं बी आणून पेरलंय. कित्येक वर्षं शोधतेय. अजून तरी सापडलेलं नाही."

"सापडंल बाई," लिंबाजी म्हणाला. "जाऊन जाऊन जाईल कुठं? झाडच हाय."

बाईंना गडी बरा वाटला. लिंबाजीचं एक खरंच चांगलं होतं. एकदा सांगितलेलं तो कधी विसरत नसे. वाईट म्हणाल तर तेच होतं.

पहिल्याच दिवशी बाई म्हणाल्या, "या वाफ्यातलं तण उपटून टाक."

"तण कंचं बाई?"

"सोपं आहे. आपण पेरलं नाही ते सगळं तण."

लिंबाजीने वाफ्याकडे नीट पाहिलं. तो कालच आला होता. त्याने काहीच पेरलं नव्हतं. दुपारी बाई येऊन बघतात तर वाफा तळहातासारखा स्वच्छ. तूर गेली, गवत गेलं, आणि मळ्याच्या नावाचा फाटकाजवळचा फलकही उपटून आडवा ठेवलेला.

बाईंनी कपाळावर हात मारून घेतला. "अरे, फलक कशाला उपटलास?"

"त्यो बी म्या पेरला नव्हता बाई."

"ऐक! जिथे पिवळी पाटी दिसेल, पाटीवर नंबर दिसेल, ते आपलं. त्याला अजिबात हात लावायचा नाही. कळलं?"

"कळलं बाई." लिंबाजीने ते मनात घट्ट बांधून ठेवलं.

दोन दिवसांनी बाई मळ्यात आल्या, तर एक शेळी वाफ्यात उभी राहून तुरीचे शेंडे खात होती. शेजारी लिंबाजी हाताची घडी घालून उभा.

"लिंबाजी! हाकल की तिला!"

"कशी हाकलू बाई? तिच्या कानात पिवळी पाटी हाय. नंबर बी हाय."

खरंच होतं. जनावरांच्या दवाखान्याने शेळीच्या कानात पिवळा बिल्ला मारला होता. बाईंनी पुन्हा कपाळाला हात लावला आणि शेळीला स्वतःच हाकललं. जाता जाता शेळीने लिंबाजीकडे वळून पाहिलं. एवढा सभ्य राखणदार तिला पूर्वी भेटला नसावा.

"अरे, डोळे आहेत ना? फरक बघायला शीक," बाई म्हणाल्या. "आपलं सगळं काम फरक बघण्याचं आहे. उद्या फवारणी आहे. डावीकडच्या सगळ्या तुरीवर औषध मारायचं. उजवीकडच्या तुरीवर थेंब नाही. ती नुसती तुलनेसाठी. एका बाजूला द्यायचं, दुसऱ्या बाजूला द्यायचं नाही. मग शांतपणे बघायचं, काय फरक पडला."

"आन् उजवीकडचे रागावले तर?"

"झाडं रागावत नाहीत रे. आणि डावीकडचं एकही सोडायचं नाही. दयामाया नाही."

लिंबाजीने तोंडाला फडकं बांधलं, पाठीवर पंप घेतला आणि सांगितलं तसंच केलं. अगदी तसंच. बाईंनी लांबूनच पाहिलं आणि त्यांना बरं वाटलं.

त्याच दुपारी जावई टिकलाय की पळालाय ते बघायला दगडूबा आणि सासूबाई मळ्यावर आले. लिंबाजीला आनंद झाला. त्याने दोघांना झाडाखाली बसवलं आणि आलं घालून चहा केला. सासूबाई डावीकडे बसल्या होत्या. त्यांना कपभर चहा दिला, वर बशीत बिस्किटं. दगडूबा उजवीकडे बसला होता. त्याच्यासमोर लिंबाजी रिकाम्या हाताने उकिडवा बसला आणि त्याच्याकडे टक लावून पाहू लागला.

"जावईबापू, माझा चा?"

"तुमाला न्हाई मामा. तुमी तुलनेचे."

"कशाचे?"

"बोलू नका. फरक बघायलोय." लिंबाजीने एकदा इकडे पाहिलं, एकदा तिकडे. "मामी टवटवीत दिसायल्या. तुमी जरा कोमेजला."

दगडूबा कोमेजला नव्हता. तो लालबुंद झाला होता. "हा सुगीपर्यंत टिकतोय होय!" असं म्हणत तो उठला. सासूबाईंना हसताना ठसका लागला, पण त्यांनी चहा संपवला. आवाज ऐकून बाई धावत आल्या. त्यांनी दगडूबाला परत बसवलं, स्वतः चहा करून दिला, आणि तो बांधापार गेल्यावर लिंबाजीकडे वळल्या.

"अरे, पाहुणा आला की त्याचं स्वागत करावं. चहा द्यावा, फूल द्यावं, हार घालावा!"

"कळलं बाई. फूल, हार." तेही लिंबाजीने मनात बांधून ठेवलं.

काही दिवस गेले. डावीकडची तूर पिवळी पडली, मग तांबूस झाली, मग वाळली. बाई रोज येऊन बघत आणि परत जात. एक दिवस त्या डावीकडे मध्यावर थबकल्या. सगळ्या वाळक्या काड्यांमध्ये एक झाड हिरवंगार उभं होतं. पानांना डागसुद्धा नव्हता.

बाईंनी एकेक पान उलटून पाहिलं. "लिंबाजी, याच्यावर औषध मारलंस का? की चुकून राहिलं? खरं सांग."

"मारलं बाई."

"नक्की?"

"तुमीच म्हनला व्हता, डावीकडचं एकबी सोडायचं न्हाई. म्या झाडावर मारलं. पाटीवर मारलं. माजी चप्पल डावीकडं व्हती, तिच्यावर बी मारलं."

दुसऱ्या कोणा गड्याने असं सांगितलं असतं तर बाईंनी शंका घेतली असती. लिंबाजीवर शंका घ्यायला जागाच नव्हती. बाई तिथेच मातीत बसल्या आणि रडता रडता हसू लागल्या. लिंबाजीला काही समजलं नाही. त्याने त्यांना पाणी आणून दिलं, दोन्ही बाजूंनी; इथे फरक बघायचा नव्हता.

आता सगळा जीव त्या एका झाडात. त्याला कळ्या आल्या तेव्हा बाईंनी बजावलं, "मधमाशा दुसऱ्या तुरीचे पराग आणून टाकतात आणि जात बिघडते. म्हणून आपण जाळीची पिशवी घालतो. या मळ्यात फूल दिसलं रे दिसलं की पिशवी घालायची आणि खालून दोरी आवळायची. वाट बघायची नाही, मला विचारायचं नाही."

लिंबाजीने झाडाला पिशवी घातली. काम चोख झालं. बाई खूश झाल्या.

मग ते झाड बघायला मळ्याचे मोठे साहेब आले. गाडीतून उतरले तर समोर लिंबाजी झेंडूचा हार घेऊन उभा. पाहुण्याला हार घालायचा हे त्याच्या लक्षात होतं. त्याने हार घातला, नमस्कार केला, आणि मान वर करून पाहिलं तर साहेबांच्या गळ्यात फुलंच फुलं. वर एक मधमाशी घोंघावत होती.

लिंबाजीने वाट पाहिली नाही. कुणाला विचारलंही नाही. बाई पोचेपर्यंत मोठे साहेब डोक्यापासून कमरेपर्यंत जाळीच्या पिशवीत होते आणि लिंबाजी दोरीला दुसरी गाठ मारत होता.

"हलू नका साहेब. जात बिघडंल."

"सोनटक्केबाई!" पिशवीतून आवाज आला. "हा माणूस उद्यापासून मला इथे दिसता कामा नये!"

लिंबाजीचा चेहरा पडला. सुगी अजून दूर होती. त्याच्या डोळ्यांसमोर कौतिका आली आणि त्याला रडूच कोसळलं. "साहेब, सुगीपर्यंत ऱ्हाऊ द्या. मंग हाकला. माजी बायको अडकलीया."

बाई गाठ सोडवत म्हणाल्या, "साहेब, विचार करा. ज्याने तुम्हाला सोडलं नाही, त्याने झाडावरचं एक तरी फूल उघडं सोडलं असेल का?"

साहेब बाहेर आले. त्यांनी केस नीट केले, झाडावरची पिशवी तपासली, गाठ ओढून पाहिली. गाठ सुटेना. "सुगीपर्यंत," ते म्हणाले. "आणि पुढच्या वेळी मला हार नको."

त्यानंतर लिंबाजी त्या झाडाजवळून हलला नाही. आणि ऐका, आता नवल घडलं. काहीही बिघडलं नाही. शेंगा भरल्या, वाळल्या, तडकायच्या आत त्याने एकेक तोडून ओंजळभर बी बाईंच्या हातात ठेवलं. सुगी झाली. लिंबाजी टिकला. बाईंनी तसा निरोपच दगडूबाला पाठवला. दगडूबा शब्दाचा पक्का होता. त्याने कौतिकाला धाडायचं कबूल केलं.

बाई बी चाळत बसल्या होत्या. लिंबाजी म्हणाला, "झालं का बाई काम?"

"छे! आता तर सुरुवात. या झाडात औषध पचवायची ताकद आहे, पण दाणा बारीक आणि वरण कडवट. कोण खाणार? म्हणून याचा आपल्या गावरान तुरीशी संकर करायचा. गावरान ती आई, चवीची. होईल ते पोर पुन्हा आईकडे न्यायचं, तिच्याशीच संकर. पुढच्या सुगीला पुन्हा आईकडे. असं सहा वेळा. तेव्हा कुठे आईची चव अंगात मुरते."

"आईकडं एकदाच आणलं तर न्हाई चालत?"

"नाही रे. एकदाच आणून काम संपलं असं मानणारे फसतात. जीव कितीही तुटला तरी दर सुगीला एकदा, सहा वेळा. बियाणं घाईने बिघडतं."

लिंबाजीने हे सगळ्यांत घट्ट बांधलं.

संध्याकाळी कौतिका घरी आली. लिंबाजीने अंगणात दोनदा रांगोळी काढली होती, आणि ती यायच्या आत आनंदात दोनदा तुडवलीही होती. कौतिकाने चुलीवर वरण ठेवलं आणि विचारलं, "एवढे दीस तिथं काय केलं, सांगा की." लिंबाजी सांगू लागला. शेळी सांगितली, चहा सांगितला, साहेबांची पिशवी सांगितली. कौतिका हसून हसून भिंतीला टेकली. तिला हाच माणूस हवा होता. सगळा हंगाम तिने आईजवळ हेच सांगितलं होतं. हसण्याच्या नादात वरण मात्र करपलं.

जेवायला बसले. लिंबाजीने एक घास घेतला. मग दुसरा घेतला. मग ताटाकडे बघत राहिला.

"कडू लागतंय का हो?" कौतिकाने विचारलं.

"लागतंय."

"आईच्या हाताची चव न्हाई बगा माज्या हाताला."

लिंबाजीने सुस्कारा सोडला. "तुजी चूक न्हाई कौतिका. एकदाच आणली ना."

सकाळी त्याने तिची पेटी डोक्यावर घेतली. "चल, आईकडं जाऊ."

कौतिकाला वाटलं, सुगी झाली म्हणून आईच्या पाया पडायला आणि चार दिवस राहायला नेतोय. गुणाचा आहे बिचारा. ती नवं लुगडं नेसून निघाली. वाटेत लिंबाजीने दोनदा डोळे पुसले. तिने विचारलं तर म्हणाला, "धूळ गेली."

दगडूबाने दार उघडलं. काल वाजतगाजत पाठवलेली लेक आज दारात, आणि जावयाच्या डोक्यावर पेटी. मागे सासूबाई पिठाच्या हातांनी येऊन उभ्या राहिल्या.

"आता काय झालं?" दगडूबाने विचारलं. "भांडलात का?"

"न्हाई मामा."

"पोरगी आजारी हाय?"

"न्हाई मामा. पोरगी एकदम चांगली निघाली. टणक हाय, हसरी हाय. निस्ती चवीला कमी पडली." लिंबाजीने पेटी उतरवून सासूबाईंच्या पायाशी ठेवली आणि हुंदका गिळला. "म्हनून आईकडं परत आणली. ही पैली खेप झाली. पुढच्या सुगीला येऊन नेतो, आन् दुसऱ्या दिशी परत आणून सोडतो. सा सुग्या झाल्या की मंग कायमची नेतो. मला करमायचं न्हाई मामा, पन काय करता? बियाणं घाईनं बिघडतंय."