कुंभारवाड्यातल्या तीन शाळा

फार पूर्वी एका राजाच्या मनात आलं, आपल्या नगरीत खाजगी शाळा किती आहेत ते मोजावं. खाजगी म्हणजे पंतोजींनी स्वतःच्या हिमतीवर चालवलेल्या. ज्या पेठेत दोनपेक्षा कमी शाळा निघतील, तिथे राजा नवी शाळा बांधून देणार होता.

काम मिळालं जुन्या मोजणीदाराला. म्हाताऱ्याचा दरारा केवढा! यादीची तपासणीसुद्धा त्याच्याच घरात व्हायची. घरातल्या कुणीतरी ओटीवर बसायचं, प्रत्येक ओळीपुढे बरोबरची खूण करायची, झाली तपासणी. यंदा सुनेची पाळी होती.

“मामंजी, मी जरा फिरून बघून येते,” सून म्हणाली.

“अगं, यादी समोर आहे की! खुणा कर आणि मोकळी हो.”

“यादी राहू दे इथेच. मी कोरा कागद नेते.”

ती कुंभारवाड्यात गेली. सकाळी एका ओसरीवर शाळा भरली होती. दुपारी चिंचेखाली दिसली, तर तिथेही तेच पंतोजी, तीच पोरं! संध्याकाळी देवळाच्या पायऱ्यांवर पुन्हा तीच मंडळी.

“ऊन आलं की आम्ही उठतो, बाई,” पंतोजी हसत म्हणाले.

मामंजींनी तिन्ही ठिकाणी शेजाऱ्यांना ‘इथे शाळा भरते का?’ एवढंच विचारलं होतं. भरते, असं लोकांनी खरं तेच सांगितलं, आणि यादीत तीन शाळा चढल्या. आत डोकावतंय कोण!

इतक्यात एक कुंभारीण मुलीला घेऊन आली. “गुरुजी, हिला घ्या की.”

“कुठे बसवू गं? राजाची नवी शाळा झाली तरच जागा होईल.”

सून तडक घरी आली. “मामंजी, कुंभारवाड्यात तीन नाहीत, एकच शाळा आहे.”

“चाळीस वर्षांत माझा आकडा चुकला नाही!”

“चाळीस वर्षांत कुणी बघायला गेलंच नाही, मामंजी.”

म्हातारा लालबुंद झाला. “दरबारात माझं हसं करणार तू?”

“त्याचंच तर मला रडू येतंय. पण त्या मुलीला मी काय सांगू?”

म्हातारा त्या रात्री जेवला नाही. दुसऱ्या दिवशी मात्र काठी घेऊन निघाला आणि दिवसभर त्या शाळेच्या मागे मागे फिरला. संध्याकाळी देवळापाशी पंतोजी म्हणाले, “तिसऱ्यांदा नमस्कार, आजोबा!” म्हाताऱ्याला हसूही आलं आणि लाजही वाटली.

दरबारात तो स्वतःच उभा राहिला. “महाराज, तीन नव्हे, एक. चूक माझी आहे. बाकीच्या पेठाही पुन्हा बघतो.”

कुंभारवाड्याला नवी शाळा मिळाली. पहिल्या दिवशी ती मुलगी सगळ्यांच्या आधी येऊन बसली होती.

तात्पर्य काय, तर आपला आकडा तपासायचा असेल तेव्हा तो घरी ठेवावा आणि डोळे बरोबर न्यावेत.