करकोचा आणि मोरूदादा

धरणाच्या काठी वसलेल्या एका गावात, माघ सरत आला असताना, एक साधा बुधवार उजाडला. विश्राम गिरणीतून दळण घेऊन घरी निघाला होता. वाटेत पक्षी अभयारण्याच्या रखवालदाराने सायकल थांबवून सांगितले, "काळा करकोचा उतरलाय. पण ऊन तापायला लागलंय. आज-उद्या परत फिरेल बघा."

विश्रामला पक्ष्यांचे वेड होते. या करकोच्याची तर तो कित्येक हिवाळे वाट पाहत होता. पिठाचा डबा ओट्यावर आदळून त्याने दुर्बीण गळ्यात अडकवली. तोवर थोरला भाऊ मोरूदादा चपला घालून दारात हजर.

"मीपण येतो."

"दादा, तिथं बोलायचं नसतं."

"नाही बोलणार," दादा म्हणाला, आणि अभयारण्याच्या फाटकापर्यंत बोलतच राहिला.

पाण्याकाठी गवताने शाकारलेली एक लपण होती. आत एक बाक, समोर पाण्याकडे पाहायला फट. पक्षी बिथरू नयेत म्हणून तिथे कुजबुजही करायची नाही, असा नियम. दादा बसला तसा बाक करकरला. विश्रामने डोळे वटारले. दादाने खिशातून शेंगा काढल्या. विश्रामने त्या काढून घेतल्या. मग दादा खोकला. विश्रामने कपाळाला हात लावला.

समोर चक्रवाक होते, शेकाटे होते. करकोचा नव्हता.

"विसू..."

"शू!"

"अरे, ऐक तरी..."

"शू म्हटलं ना! लहान आहेस का तू?"

"लहान तू. मी थोरला," दादा पुटपुटला.

थोड्या वेळाने दादाने त्याची बाही ओढली. विश्रामने हात झटकला. दादा मागच्या दाराकडे बोट दाखवू लागला. कंटाळला असणार, घरी चल म्हणत असणार, असे वाटून विश्रामने मानही वळवली नाही.

तेवढ्यात मागून पंखांचा मोठा आवाज झाला. विश्राम धडपडत बाहेर आला. लपणीमागच्या डबक्यातून उठलेला करकोचा उत्तरेकडे निघाला होता. दुर्बीण डोळ्यांना लागेपर्यंत त्याचा ठिपका झाला.

"मघापासून दारातून दिसत होता," दादा म्हणाला. "बेडूक शोधत होता. तेच सांगत होतो."

"मग सांगायचं ना!"

"तुझ्या पक्ष्यांना कान आहेत रे. तुलाच नाहीत."

परतताना विश्राम धुसफुसत पुढे चालला होता. वळणावर दादाने हाक मारली. "विसू, आणखी एक सांगायचं होतं तुला."

"आता आणखी काय राहिलंय?"

दादाने त्याच्याकडे पाहिले आणि तो हसला. "राहू दे. राग उतरला की सांगेन."

राग संध्याकाळपर्यंत उतरला. पण दादाने विषय काढला नाही, आणि असेल काहीतरी नेहमीचेच, म्हणून विश्रामनेही तो सोडून दिला.

पुढच्या माघात करकोचा पुन्हा आला. विश्रामने त्याला अगदी पोटभर पाहिले. लपणीत कोणी खोकत नव्हते, शेंगा फोडत नव्हते. दादा पावसाळ्यातच वारला होता. त्याला काय सांगायचे होते, ते विचारायचे राहून गेले.

तात्पर्य: पक्षी पुढच्या हिवाळ्यात परत येतो, माणूस येईलच असे नाही; म्हणून बोलू पाहणाऱ्या आपल्या माणसाचे आधी ऐकून घ्यावे.