पिसांची दुलई

मुलांनो, एका तळ्याकाठच्या रानात एक खार राहत असे. स्वभावाने मायाळू, पण चारचौघे जातील तिकडे जाणारी. त्या रानात थंडीच्या तोंडावर उबेचा सण येई. त्या दिवशी प्रत्येकाने आपल्या जवळच्या कुणाला तरी ऊब देणारी वस्तू भेट द्यायची, अशी रीत होती. खारीच्या धाकट्या बहिणीला नुकतीच पिल्ले झाली होती. गुलाबी, उघडी, डोळेही न उघडलेली. त्यांच्यासाठी दुलई आणावी म्हणून खार घरातून निघाली.

पूर्वी सगळे सुगरणीकडे जात. ती गवत विणून त्यात सावरीचा कापूस भरून देई, पण तिला वेळ लागे आणि बदल्यात दाणेही बरेच द्यावे लागत. यंदा कोल्ह्याने वडाखाली दुकान थाटले होते. मूठभर बोरे दिली की पिसांची दुलई लगेच हातात. खारीने एक दुलई गालाला लावून पाहिली. इतके मऊ तिने कधी काही हाताळले नव्हते.

"कोल्हेदादा, एवढी पिसं मिळतात तरी कुठून?" तिने विचारले.

"तळ्यापलीकडे बदकं अंग झाडतात. वाया जाणारी पिसं. आम्ही आपली वेचतो, एवढंच."

शिवणीतून एक पीस डोकावत होते. त्याच्या बुडाशी ओले रक्त होते. खार क्षणभर थबकली. मागून हरिणी म्हणाली, "आटप की गं, रांग केवढी लागलीय." खारीने ते पीस उपटून खाली टाकले, बहिणीला दिसू नये म्हणून, आणि दुलई घेऊन ती निघाली.

"ताई, पोरं आज पहिल्यांदाच किरकिर न करता झोपली," बहीण म्हणाली. खारीला बरे वाटले, पण ते रक्त तिच्या डोळ्यांपुढून हलेना. दुसऱ्या दिवशी ती तळ्याला वळसा घालून पलीकडे गेली. तिथे बाभळीच्या काट्यांचे कुंपण होते. आत पिसे उपटलेली बदके एकमेकांना चिकटून बसली होती. थंडीने त्यांची कातडी निळी पडली होती. कडेची काही तर हलतही नव्हती.

खारीने कुंपणाच्या झापाला, म्हणजे काट्यांच्या दाराला, बांधलेला वेल कुरतडून तोडला. "चला, कोल्हा यायच्या आत पळा."

"कुठे जाऊ, बाळे?" एक म्हातारी बदकीण हळू आवाजात म्हणाली. "उडायला पंखांत पिसं उरली नाहीत. पाण्यात उतरलो तर गारठून बुडू."

"मग मी दुलया परत आणते. तुमच्या अंगावर घालते."

"आण. पण लवकर आण."

खार धापा टाकत दारोदार फिरली. हरिणी म्हणाली, "मी एकच तर घेतली. माझ्या एकीने काय होणार?" माकड म्हणाले, "दिलेली भेट परत कशी मागू? काय म्हणेल समोरचा?" शेवटी खार बहिणीकडे गेली. बहिणीने सगळे ऐकून घेतले, झोपलेल्या पिल्लांकडे पाहिले आणि विचारले, "ताई, यांच्या अंगावरून काढू?" खार तशीच मागे फिरली.

वाटेत मिळाला तेवढा पाचोळा घेऊन ती परत आली. म्हातारी बदकीण मान अंगात खुपसून बसली होती, जिथे पूर्वी पिसे असत तिथेच. ती मेलेली होती. खारीने उरलेल्यांवर पाचोळा पसरला. वाऱ्याने तो उडत राहिला. संध्याकाळी कोल्हा आला आणि त्याने नव्या वेलाने झाप बांधून टाकले.

पुढच्या सणाला दुकानापुढची रांग आणखी लांबली. खार रांगेतल्या एकेकाजवळ जाऊन आपण काय पाहिले ते सांगत होती. "अरेरे, बिचारी बदकं," जो तो म्हणे, आणि एक पाऊल पुढे सरके.

तात्पर्य : भेटवस्तू घेण्याआधीच विचारावे, ती कुणाच्या अंगावरून ओरबाडून आणली आहे; मागाहून केलेली हळहळ कुणालाही ऊब देत नाही.