खात्यापित्या घरचा बैल

गेनूअण्णांचं पोट धोतरावर ओघळलेलं, रक्तदाबही चढलेला. पण नर्सबाईंनी दिलेल्या गोळीला ते हात लावीनात. "पोट म्हणजे खात्यापित्या घरची खूण!" म्हणून हसायचे. याच दुखण्यानं त्यांचा धाकटा भाऊ लुळा पडलेला, म्हणून सून वैजयंताच्या जिवाला घोर. तिचं लेकरू तर आजोबांच्या कुशीशिवाय झोपत नसे.

एके सकाळी व्यापारी दारात बैल घेऊन आला. बैलाची पारख करावी तर अण्णांनीच! त्यांनी एक नजर टाकली आणि म्हणाले, "पोट बघ केवढं सुटलंय! नांगराला जुंपला की धापा टाकील. ने परत!"

वैजयंता उंबऱ्यातून हळूच बोलली, "घ्या की ठेवून, मामंजी. खात्यापित्या घरचा दिसतोय."

व्यापारी हसू दाबत बैलाआड झाला. अण्णांनी बैलाकडं पाहिलं, मग स्वतःकडं.

"सूनबाई, बैल जाऊ दे परत. मला राहायचंय. आण ती गोळी!"